मंडळीची सेवा, घरचं दुखणं आणि न उचललेला फोन

प्रश्न थोडक्यात असा. एक ताई, वय ४१, पुण्यात स्टाफ नर्स. महिन्यातून आठ-दहा नाइट. रविवारी शब्बाथशाळेचा, म्हणजे मुलांच्या बायबलशिक्षणाचा, वर्ग, बुधवारी महिला मंडळाची प्रार्थना, नाताळ जवळ आला की मुलांचं नाटक. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुणाचं बीपी बघायचं, कुणाला इंजेक्शन द्यायचं, तर फोन यांनाच. घरी सासूबाईंना अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात सलग तीन नाइट करून आल्यावर रात्री साडेनऊला मंडळीतल्या एका आजींचा फोन वाजला, तो यांनी नाव बघूनही उचलला नाही. सकाळी कळलं, आजींना त्यांच्या मुलानं रात्री ॲडमिट केलं. आजी आता बऱ्या आहेत. पण ताई लिहितात, "तेव्हापासून प्रार्थनेला गुडघे टेकले की तो फोनच वाजतो. रोज वधस्तंभ उचलून माझ्यामागे या असं सांगणाऱ्या प्रभूपुढे 'मी दमले' म्हणणं पाप नाही का? आणि नसेल, तर लोकांना नाही कसं म्हणायचं?"

ताई, सलाम.

मी चौतीस वर्षं पाळक होतो. पहिली एकोणीस नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, एका वेळी चार-चार, पाच-पाच मंडळ्या सांभाळत. पुढची शहरात. निवृत्त झाल्यापासून नव्या पाळकांबरोबर आणि मंडळीत सेवा करणाऱ्या तुमच्यासारख्यांबरोबर बसतो, त्यांचं ऐकतो. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आलेली माणसं मी बरीच पाहिली, आणि त्यांतला एकही आळशी नव्हता. आळशी माणसाला हा प्रश्न पडतच नाही.

आधी फोनचं बोलतो, कारण तुमचं मन तिथं अडकलंय. फोन न उचलणं हे पाप नव्हतं. तुम्ही उचलला असता तर काय सांगितलं असतं? "आजी, थांबू नका, दवाखान्यात चला." आजी दवाखान्यातच गेल्या, मुलगा घेऊन गेला. म्हणजे जे व्हायला हवं होतं ते झालं, फक्त तुमच्या हातून झालं नाही. आता स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका: मला दुःख कशाचं होतंय? आजींना त्रास झाला याचं, की माझ्यावाचून त्यांचं भागलं याचं? मी हा प्रश्न तुम्हाला टोचायला विचारत नाही. मला स्वतःला तो विचारायला वीस वर्षं लागली, आणि उत्तर आलं तेव्हा फार लाज वाटली.

ते कसं, ते सांगतो. २००३ चा डिसेंबर. नाताळच्या आधीचे पंधरा दिवस. रोज रात्री कॅरोल, दोन लग्नं, एका मंडळीत छताचं काम, आणि आठ दिवसांत तीन मयती. तिसऱ्या मयतीला कबरेपाशी उभा राहिलो. मातीस माती, राखेस राख म्हणेपर्यंत सगळं नीट झालं. मग त्या बाईंच्या आयुष्याबद्दल देवाचे उपकार मानताना मी नाव घेतलं ते पाच दिवसांपूर्वी पुरलेल्या दुसऱ्याच बाईंचं. कुणी काही बोललं नाही. मी पुन्हा तेच नाव घेतलं. तेव्हा त्यांचा थोरला मुलगा जवळ आला. कबरेत टाकायची मूठभर माती त्याच्या हातात तशीच होती. दुसऱ्या हातानं त्यानं माझी बाही धरली आणि अगदी हळू, मला खजील वाटू नये अशा बेतानं, आईचं नाव सांगितलं.

त्या बाई पहिल्या बाकावर बसायच्या. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्यांनी हातानं झबलं शिवून दिलं होतं. त्यांचं नाव मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्या पंधरवड्यात मी एकही फोन चुकवला नव्हता, एकाही बोलावण्याला नाही म्हटलं नव्हतं, आणि त्याचा मला मनातून अभिमान होता. त्या लेकरांना त्यांच्या आईच्या कबरेपाशी एकदाच उभं राहायचं होतं, आणि तिथं मी दमलेलं डोकं घेऊन गेलो. तुम्ही नर्स आहात. दमलेल्या हातानं डोस चुकतो, बाटलीवरचं लेबल डोळ्यांपुढे असून वाचलं जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आत्म्याच्या कामातही तसंच होतं. तिथं चार्ट नसतो म्हणून चूक सापडत नाही, एवढाच फरक.

आता शास्त्राकडे येतो. "थोडा विसावा घ्या" हे प्रभूचं शिष्यांना सांगणं सगळ्यांना पाठ असतं, बायबलातल्या मार्कच्या सहाव्या अध्यायातलं. मला त्याहून पहिला अध्याय जास्त शिकवून गेला. कफर्णहूमची संध्याकाळ. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, संपला, सूर्य मावळला आणि सगळं गाव शिष्य शिमोनाच्या दाराशी लोटलं. प्रभूनं पुष्कळांना बरं केलं. दुसऱ्या दिवशी, अजून अंधार असताना, तो उठून रानात गेला आणि प्रार्थना करत बसला. शिमोन आणि त्याच्याबरोबरचे लोक शोधत शोधत आले आणि म्हणाले, सगळे तुला शोधताहेत. हे वाक्य तुम्ही दर आठवड्याला ऐकता, नाही का? "ताई, कुठं होता, सगळे तुम्हाला शोधत होते." त्यावर प्रभू काय म्हणाला ते बघा. तो परत गेला नाही. आपण आसपासच्या गावांत जाऊ, असं म्हणाला.

मी हे कित्येक वर्षं वाचत होतो आणि पुढे जात होतो. एकदा थांबलो. कफर्णहूमच्या त्या दारात सकाळी कुणीतरी पुन्हा आलं असणार. रात्री ज्यांना यायला जमलं नाही अशी माणसं, कुणी कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन. आणि ज्याच्या हातात बरं करण्याचं सामर्थ्य होतं, तो दुसऱ्या वाटेनं निघून गेला होता. प्रेम कमी होतं म्हणून गेला का? त्याला पित्यानं काय सांगितलंय ते त्याला माहीत होतं, आणि गावाला काय हवंय त्यावर त्यानं दिवस ठरवला नाही. देवाचा पुत्र देहात आला आणि एका वेळी एकाच गावात राहिला. विहिरीवर दमून बसला. वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला. त्यानं देहाची मर्यादा मान्य केली असेल, तर तुम्ही-आम्ही ती नाकारून कोणता भक्तिभाव दाखवतो?

तो सहावा अध्याय मात्र पूर्ण वाचा, कारण तो दोन्हीकडून बोलतो. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती म्हणून प्रभू त्यांना होडीतून एकान्तात घेऊन निघाला. लोक किनाऱ्यानं धावत आधीच तिथं पोचले. प्रभूला त्यांचा कळवळा आला, त्यानं शिकवलं, पाच हजारांना जेवू घातलं. म्हणजे ठरवलेली सुट्टी मोडली. मंडळीत उपदेश करणारे पुष्कळदा इथंच थांबतात आणि म्हणतात, बघा, प्रभूनंही विसावा सोडला. त्यांनी पुढच्या दोन ओळी वाचायला हव्यात. जेवणं होताच त्यानं शिष्यांना लगेच होडीत बसवून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. विसावा पुढे ढकलला गेला, रद्द झाला नाही. तुमची सुट्टी मोडली तर तुम्ही ती कधी घेतलीत? नसेल घेतली, तर प्रभूचं उदाहरण अर्धंच पाळलंत.

आणखी एक जागा आहे, तिच्यावर मी फारसा उपदेश ऐकलेला नाही. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या याजक मंदिरात धूप जाळायला जातो आणि त्याला देवदूत दिसतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो त्या दिवशी तिथं का होता? त्याच्या वर्गाची पाळी होती म्हणून. दाविदाच्या काळापासून याजकांचे चोवीस वर्ग पाडलेले होते, जखऱ्या अबीयाच्या वर्गातला. आणि एवढं मोठं दर्शन झाल्यावर लूक काय लिहितो? त्याच्या सेवेचे दिवस पूर्ण झाल्यावर तो आपल्या घरी गेला. गब्रीएल देवदूत भेटला म्हणून त्यानं मंदिरात मुक्काम ठोकला नाही. पाळी संपली, घरी गेला, आणि देवाचं पुढचं काम त्याच्या घरातच झालं, त्याची बायको अलीशिबा हिच्या पोटी. मोशेच्या नियमशास्त्रात लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या घराण्याला, पन्नाशीनंतर जड सेवेतून मोकळं केलेलं आहे, त्यांनी फक्त भावांना हातभार लावायचा. गणनेच्या आठव्या अध्यायात आहे. आपल्या मंडळ्यांत सत्तरीच्या बाया अजून नाताळच्या जेवणाची पातेली उचलतात.

"पाळी संपली, घरी गेला" हे तुम्हाला कुणाहीपेक्षा जास्त कळेल. वॉर्डातला पेशंट चोवीस तास सांभाळला जातो तो एक सिस्टर चोवीस तास जागते म्हणून नाही. तीन जणी हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती आणि जबाबदारी, देतात-घेतात म्हणून. हँडओव्हर न देता निघून जाणारी सिस्टर बेजबाबदार. पण हँडओव्हर द्यायलाच तयार नसलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत वॉर्डात घुटमळणारी, पुढच्या सिस्टरवर भरवसा नसलेली, तिला तुमच्या मेट्रन काय म्हणतील? घरी जा म्हणतील. मंडळीच्या कामात तुम्ही रोज त्या दुसऱ्या सिस्टरसारखं वागताय, आणि तुम्हाला घरी जा म्हणणारं कुणी नाही. म्हणून मी म्हणतोय.

वधस्तंभाबद्दल विचारलंत. रोज आपला वधस्तंभ उचला, हे प्रभूनं सांगितलंय आणि मी त्यातला एक कानाही कमी करणार नाही. पण आपला वधस्तंभ म्हणजे मंडळीतल्या प्रत्येकाचं काम नव्हे. आणि गुलगुथाच्या वाटेवर खुद्द प्रभूच्या वधस्तंभाला कुरेनेकर शिमोन नावाच्या एका वाटसरूचा खांदा लागला, हे मी दर उत्तम शुक्रवारी वाचतो आणि दर वेळी आवाज दाटतो. तो खांदा प्रभूनं नाकारला असं कुठं लिहिलेलं नाही.

आपल्याकडे कुणी गेलं की शोकसभेत म्हणतात, चंदनासारखे झिजले. फार गोड शब्द आहे. मीही पुष्कळदा वापरलाय. पण सहाणेवर चंदन उगाळताना कधी बघितलंय? थोडं पाणी घालायचं, गंधापुरतं उगाळायचं, खोड पुसून कोरडं करून ठेवून द्यायचं. एक खोड वर्षानुवर्षं पुरतं. एका सकाळी सगळं उगाळून संपवणाऱ्याला कुणी भक्त म्हणत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. शब्बाथाची आज्ञा आपण "तू विसावा घे" एवढीच ऐकतो. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तिचं कारण दिलंय: तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही आणि दासीलाही विसावा मिळावा, कारण तू मिसर देशात गुलाम होतास याची आठवण ठेव. बैल आहे त्या यादीत, गाढव आहे, वेशीच्या आत राहणारा परका आहे. म्हणजे माझ्या विसाव्याची खरी परीक्षा ही की मी बसलो तेव्हा माझ्या वाट्याचं काम कुणाच्या अंगावर गेलं.

आपल्या ख्रिस्ती घरांतला रविवार बघा. आठला आवराआवर, साडेनऊला उपासना, त्याआधी शब्बाथशाळा. उपासना सुटली की पुरुष मंडळी आवारात गप्पा मारत उभी. बाई घाईघाईनं घरी, कारण मटण सकाळीच आणून ठेवलेलं असतं, वाटण व्हायचं असतं, खोबरं भाजायचं असतं, आणि पाळकसाहेबांना जेवायला बोलावलेलं असतं. मी तीस वर्षं तसा जेवलो. "प्रभूचा दिवस, विसाव्याचा दिवस" असा उपदेश देऊन त्या घरी जायचो आणि त्या घरच्या बाईचा आठवड्यातला सगळ्यात कष्टाचा दिवस मी ताटावर बसून खायचो. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "निर्गमाच्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावर, सगळे आहेत. मी कुठंय?" बायको "तू" या शब्दात आलीच, असं मी पाळकी थाटात सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही बसता तेव्हा मलाही बसू द्या." त्या रविवारपासून आमच्या घरी शनिवारी रात्री डाळ-भाताची तयारी करून ठेवायला सुरुवात झाली आणि मी भांडी घासायला लागलो. मंडळीतल्या घरांना सांगितलं, रविवारी मला जेवायला बोलवायचं तर खिचडी, नाहीतर नको. दोन-तीन घरांना अपमान वाटला. एका आजोबांनी वर्षभर बोलावलंच नाही.

म्हणून ताई, तुमच्या यजमानांशी बोलायची गोष्ट मी "विश्रांती घ्या" एवढ्यावर सोडणार नाही. सासूबाईंची आंघोळ, कूस बदलणं, भरवणं, हे दीड वर्ष कोण करतंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. न लिहिल्यामुळेच कळलं. कूस बदलायला नर्सिंगचा डिप्लोमा लागत नाही, मुलाचे दोन हात लागतात. त्यांना एकदा शांतपणे शिकवा: पाठीमागे उशी कशी द्यायची, टाचेखाली काय ठेवायचं, दर दोन तासांनी कूस का बदलायची, भरवताना मान किती उचलायची. नाइट करून आल्यावरचे सहा तास सासूबाई त्यांच्या किंवा नणंदेच्या. हा उपकार नाही, त्यांची आई आहे.

आणि मंडळीला हे सांगायची लाज बाळगू नका की सासूबाईंची सेवा हीच माझी सध्याची सेवा आहे. आपण घरभेटीची, वर्गांची, वर्गणीची नोंद ठेवतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं लुगडं रोज बदलणाऱ्या बाईची नोंद कुठल्याच वहीत नसते. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौलानं किती कडक शब्द वापरलेत ते सगळ्या कमिटीनं एकदा वाचावं.

प्रत्यक्ष काय करायचं, त्याबद्दल मला जे जमलं आणि जे फसलं तेच सांगतो. त्या डिसेंबरनंतर मी मंडळीच्या पंचांपुढे दोन गोष्टी मांडल्या. सोमवार माझा, त्या दिवशी फोन एका पंचाकडे राहील. आणि आजाऱ्यांच्या भेटीला दोघा-दोघांच्या जोड्या जातील, यादी महिन्याची, उपासनेच्या खोलीत लावलेली. पहिल्या दोन महिन्यांत कुरकुर फार झाली. काही जण मुद्दाम सोमवारीच आले. एक कुटुंब दुसऱ्या मंडळीत गेलं, आणि ते दुःख मला अजून आहे. माझी चूक अशी की मी आधी घोषणा केली आणि जोड्या नंतर शोधल्या. तुम्ही उलटं करा. आधी माणूस तयार करा, दोन महिने बरोबर न्या, मग बाजूला व्हा.

त्या जोड्यांमध्ये एक पोरगा होता, दुचाकीच्या गॅरेजमध्ये काम करणारा. चारचौघांत प्रार्थना करायला उभा राहिला की घाम फुटायचा. मी त्याला घ्यायला नाखूश होतो. माणसंच कमी पडली म्हणून घेतला. तो आजाऱ्याच्या घरी जायचा, नखांत ग्रीस, हातात आईनं दिलेल्या मुगाच्या खिचडीचा डबा, तेविसावं स्तोत्र वाचायचा आणि अर्धा तास गप्प बसून राहायचा. तिसऱ्या महिन्यात लोक मला विचारायला लागले, "पाळकसाहेब, तुम्ही दगदग करू नका, त्या पोराला पाठवा." मी दहा मिनिटांत तीन वचनं, एक गीत आणि एक प्रार्थना उरकून पुढच्या घरी पळत होतो. मी जागा अडवून बसलो होतो म्हणून त्याचं कृपादान इतकी वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. तुमच्या शब्बाथशाळेच्या वर्गामागेही कुणीतरी उभं असेल, कॉलेजात जाणारी एखादी मुलगी, जिला वाटतं ताई आहेत तर आपण कशाला.

तुमचा फोन. तुम्ही नर्स असल्यामुळे मंडळीतले दुखणाईत तुम्हाला फोन करणार, ते थांबणार नाही आणि थांबूही नये. पण तुमच्या झोपेवर कुणाचा जीव अवलंबून ठेवणं हे त्यांच्याच दृष्टीनं धोक्याचं आहे, हे त्यांना कळू द्या. एक रविवार मागून घ्या, उपासनेनंतर पंधरा मिनिटं. छातीत दुखून घाम येतोय, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय उचलत नाही, बोलणं अडखळतंय, धाप लागलीय, रक्त थांबत नाही, तर ताईला फोन नाही, १०८ ला फोन. ही ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत, तरी आपल्या कितीतरी म्हाताऱ्यांना नंबर पाठ नाही. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून प्रत्येक आजीच्या घरी फोनजवळ चिकटवून या. खाली मुलाचा नंबर, त्याखाली शेजाऱ्याचा, आणि मग तुमचा, तोही वेळ लिहून. प्रभूनं शब्बाथ पाळणाऱ्यांना विचारलं होतं, बैल विहिरीत पडला तर तुम्ही ओढून काढणार नाही का? काढायचाच. पण बीपीच्या गोळीचा रंग बदलला म्हणून रात्री साडेदहाला आलेला फोन म्हणजे विहिरीतला बैल नव्हे. तो सकाळी गोठ्यातही भेटतो.

नाही कसं म्हणायचं, यावर मी नव्या पाळकांना एवढंच शिकवतो की कारणांची यादी देऊ नका. आपण नाही म्हणताना इतकं समजावत बसतो की समोरच्याला त्यात फट सापडते. "या बुधवारी मी येणार नाही. पुढच्या बुधवारी येईन." पुरे. "नाटक मी यंदा बसवणार नाही, पण दोन शनिवार पोरांचे संवाद पाठ करून घेईन." म्हणजे जेवढं देता येतंय तेवढं स्पष्ट सांगायचं आणि तेवढं पक्कं द्यायचं. "बघते, जमलं तर" असं मात्र म्हणू नका. त्यात तुम्हालाही विसावा नाही आणि त्यांनाही भरवसा नाही. प्रभूनं "होय तर होय, नाही तर नाही" शिकवलं ते शपथांबद्दल, पण मंडळीच्या कमिटीतही ते चालतं.

कुणीतरी तुम्हाला पंडिता रमाबाईंचं उदाहरण देईल. मलाही दिलं होतं. केडगावात एवढ्या मुली सांभाळल्या, विहिरी खोदल्या, छापखाना चालवला, हिब्रू-ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणलं, त्या कधी दमल्या का? रमाबाईंपुढे मी मान खाली घालतो. पण त्यांचं आयुष्य नीट वाचणाऱ्याला दिसतं की त्या एकट्या नव्हत्या. लेक मनोरमा होती, सुंदराबाई पवार होत्या, मिनी अब्राम्स होत्या, आणि दुष्काळातून वाचलेल्या मुलीच पुढे शिक्षिका झाल्या, छापखान्यात खिळे जुळवायला बसल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि मुक्ती मिशन आजही केडगावात उभं आहे. ज्यांच्या हातात त्यांनी काम दिलं होतं त्यांनी ते पुढे नेलं म्हणून उभं आहे. कोलकात्यात मदर तेरेसांच्या भगिनी गुरुवारी बाहेरचं काम थांबवून प्रार्थनेत बसतात, स्वयंसेवकांनाही त्या दिवशी सुट्टी असते. रस्त्यावर मरणारी माणसं गुरुवारी मरत नाहीत म्हणून नव्हे.

शेवटी एक गोष्ट, आणि ती मी तुमच्या पत्रातली एक ओळ दोनदा वाचून लिहितोय. "झोप लागत नाही आणि कधी कधी वाटतं सगळं संपावं" असं तुम्ही मध्येच, दुसऱ्या वाक्याच्या आड लिहून गेलात. एलीया संदेष्टा असंच म्हणाला होता. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर, रानात झुडपाखाली बसून, आता पुरे, माझा प्राण घे. देवानं त्याला रागावलं नाही, वचन ऐकवलं नाही, त्याच्या विश्वासाची उलटतपासणी केली नाही. झोपू दिलं. दूतानं स्पर्श करून उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी होतं. खाल्लं, पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद, शांत आवाज त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आला. आणि मग देवानं त्याला मदतनीस दिला, अलीशा, आणि सांगितलं की तू एकटा उरलेला नाहीस, सात हजार आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामाच्या अतिताणाची जी तीन लक्षणं सांगितली, शक्ती संपणं, कामापासून मन उडून कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, ती तिन्ही तुमच्या पत्रात आहेत. पण "सगळं संपावं" हे त्याच्याही पुढचं आहे आणि ते प्रार्थनेच्या बरोबरीनं डॉक्टरांनाही सांगायचं असतं. तुमच्याच इस्पितळात नको वाटत असेल तर बाहेर जा. रात्री फार जड झालं तर १४४१६ हा टेलि-मानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पेशंटला तुम्ही हे बिनदिक्कत सांगाल. स्वतःलाही तेवढ्याच मायेनं सांगा. विश्वास कमी पडला म्हणून गोळी घ्यावी लागली, असं मंडळीत कुणी म्हणालं तर त्याला एलीयाची भाकर दाखवा.

येत्या ऑफच्या दिवशी, पुरती झोप झाल्यावर, त्या आजींकडे जाऊन या. बीपीचं मशीन नेऊ नका. "त्या रात्री मी फोन बघितला होता आजी, पण फार दमले होते" एवढं खरं सांगा. म्हाताऱ्या माणसांना आपल्याला वाटतं त्याहून जास्त कळतं. आणि त्यांनी चहा टाकला तर उठून स्वयंपाकघरात मदतीला जाऊ नका, बसून घ्या.

हे उत्तर तुमच्या पाळकसाहेबांना दाखवलंत तरी चालेल. त्यांचा सोमवार कोण सांभाळतं, तेही जमलं तर विचारा.